नोरामावशीचा वाडगा

मावशी, शनिवारी तुझं सगळं आटोपल्यावर चर्चच्या खालच्या हॉलमध्ये आम्ही चहा घेत उभे होतो. अंड्याची सँडविचेस होती, गाजराचा केक होता. दुसऱ्यांच्या अंत्यविधीला जी मोठी किटली तू सांभाळायचीस, ती त्या दिवशी दुसरंच कुणी सांभाळत होतं. चहा पातळ होता. तू असतीस तर बोलली असतीस.

तुझा मुलगा ब्रेंडन रेजिना शहरातून आला होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तुझ्या आईने माझ्या बापाची नागीण घालवली होती. आता लोकांनी कुणाकडे जायचं?" ब्रेंडनने खांदे उडवले. "कुणाकडे नाही. उतारा आईबरोबर गेला." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ते खरं नव्हतं, आणि त्या हॉलमध्ये हे फक्त मला माहीत होतं. म्हणून लिहायला बसलो आहे. तुला मराठी वाचता येत नव्हतं, पण आता त्याने काही अडत नाही. ज्यांनी वाचायचं ते वाचतील. त्यात आमच्या घरातलंही एक माणूस आहे.

आम्ही कनाटा नावाच्या उपनगरातल्या या घरात राहायला आलो तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या शेतावर आमची सगळी वसाहत नुकतीच उभी राहिली होती. तुझं विटांचं जुनं घर तेवढं कोपऱ्यात उरलेलं. सोमवारी आणि गुरुवारी तुझ्या ड्राइव्हवेवर अनोळखी पिकअप येऊन थांबायचे. माणसं पाच-दहा मिनिटं आत जायची आणि काही न बोलता निघून जायची. मला वाटलं तू अंडी विकतेस. एका गुरुवारी मी डझनभर मागायला आलो. तू दारात उभी राहून मला खालपासून वरपर्यंत पाहिलंस.

"अंडी दुकानात मिळतात," तू म्हणालीस. "तुला काही झालंय का?"

"नाही."

"मग चहा घे."

त्या चहावर मला कळलं की तुझ्याकडे नागिणीचा उतारा आहे. तुम्ही लोक त्याला नुसतं 'क्युअर' म्हणता. घरी येऊन बायकोला, सुषमाला, सांगितलं तर तिने एका क्षणात त्याला 'उतारा' म्हटलं, जणू नाशिकला गल्लीच्या टोकाला कुणी बसलंय. तुझ्या गावाकडे, आयर्लंडमधल्या लीट्रिमला, कुणाकडे भाजल्याचा असतो, कुणाकडे चामखिळीचा, कुणाकडे मुरगळल्याचा. तुझ्याकडे नागिणीचा होता. वडिलांनी तो तुला बोट सुटायच्या आधल्या दिवशी शेताच्या बांधावर उभं करून दिला, कारण तो पुरुषाकडून बाईकडे आणि बाईकडून पुरुषाकडेच जातो. एकदा दिला की देणाऱ्याकडे राहत नाही. नियम थोडे होते. ज्याला हवा त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी मागायचा. आपण होऊन द्यायचा नाही. पैसे नाहीत, वस्तू नाही, काही म्हणजे काही परत द्यायचं नाही. आणि आभार मानायचे नाहीत. आभार मानले की उतारा गेला.

सुषमाला हे ऐकून फार बरं वाटलं. "बघा," ती म्हणाली, "या देशात आल्यापासून पहिलं माणूस भेटलं ज्याला थँक यू नकोय." तेव्हापासून तू मावशी झालीस. मावशीचे तर कुणीच आभार मानत नाही.

तुझ्या गोष्टींवर मी हसायचो आणि तू हसू द्यायचीस. जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी तू एक पांढरं फडकं बाहेर कठड्यावर टाकायचीस. संत ब्रिजिड त्या रात्री तिथून जाते, तिचा हात लागला की ते फडकं वर्षभर डोकेदुखीवर चालतं. मला हे कुठून माहीत असणार? पहिल्या वर्षी मी बर्फ काढायला बाहेर पडलो, पाहिलं तर म्हातारीचं धुणं राहिलंय, पापडासारखं कडक झालंय. मी ते उचललं, आमच्या ड्रायरमध्ये वाळवलं, नीट घडी घालून तुझ्या दारात नेऊन दिलं. तू घडीकडे पाहत राहिलीस. "ब्रिजिड यायच्या आधीच आणलंस," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "पण घडी छान घातली आहेस." त्या वर्षभर डोकं दुखलं की तू मला फोन करून सांगायचीस.

आणि आमची सुषमाही काही कमी नव्हती. नातीची दृष्ट काढताना तिने मीठ-मोहऱ्या तव्यावर टाकल्या आणि घरातला धुराचा अलार्म ठणाणा वाजू लागला. तू धावत आलीस, खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत म्हणालीस, "ही जिची कुणाची नजर होती, तिला आता ऐकू यायचं बंद झालं असणार." आमची लेक रिचमंड हिलहून आली होती. ती तुम्हा दोघींकडे पाहून म्हणाली, "यू टू आर द सेम पर्सन, बाबा, दे आर द सेम पर्सन." मला ते आवडलं नव्हतं, हे आज कबूल करतो.

मला का आवडत नव्हतं ते तुला ठाऊक होतं. माझ्या आत्याला साप चावला तेव्हा तिला आधी मांत्रिकाकडे नेलं. दवाखाना दोन कोसांवर होता. वडील शाळामास्तर, बहिणीला आणायला सायकल घेऊन पोचले तेव्हा उशीर झाला होता. पुढे आयुष्यभर ते गावोगाव अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध बोलत फिरले आणि मी सतरंजी अंथरायला त्यांच्याबरोबर जायचो. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू हातातला कप खाली ठेवलास. मग विचारलंस, "तुमचा तो माणूस काही घेत होता?"

"कोंबडी. कधी पैसे."

"आणि दवाखान्यात जा म्हणाला?"

"नाही."

"मग तो चोर होता," तू म्हणालीस. "माझे वडील आधी विचारायचे, डॉक्टरने पाहिलंय का? नसेल तर हाकलून द्यायचे."

"पण मावशी, डॉक्टरने पाहिलंय तर तू कशाला?"

"ते मला काय माहीत? लोक विचारतात. विचारलं की करते."

हा वाद आपण कितीदा घातला असेल. प्रत्येक वेळी तू याच जागी येऊन थांबायचीस आणि चहाचं आधण ठेवायचीस. मला वाटायचं मी जिंकलो.

मग तो हिवाळा आला. सुषमाला कमरेला फोड आले आणि आग आग व्हायला लागली. डॉक्टरांनी नागीण सांगितली, गोळ्या दिल्या. गोळ्या तिने वेळेवर घेतल्या. पण ती सारखी आरशासमोर उभी राहून पदर बाजूला करून बघायची. लहानपणी ऐकलेलं तिच्या मनात घर करून होतं की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस वाचत नाही. मी तिला नस म्हणजे काय, विषाणू म्हणजे काय, ते एकाच बाजूला का थांबतं, सगळं कागदावर काढून दाखवलं. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "मला मावशीकडे जायचंय."

"जा. मी येणार नाही."

"बर्फ आहे. धरायला या."

म्हणून आलो. तू तिला खिडकीपाशी बसवलंस. डॉक्टरने पाहिलंय का, विचारलंस. मग म्हणालीस, "आमच्याकडे म्हणतात, दोन टोकं भेटली की संपलं. भेटू द्यायची नाहीत आपण." सुषमाने माझ्याकडे असं पाहिलं की, बघा, सातासमुद्रापलीकडेही हेच म्हणतात. तू अंगठा फोडांच्या कडेने हवेतच फिरवलास, कातडीला लावलाही नाहीस. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग एका पांढऱ्या वाडग्यात, निळ्या काठाच्या, कडेला टवका उडालेल्या, बिनमिठाचं लोणी घेऊन त्यावरही तेच पुटपुटलीस आणि वाडगा तिच्या हातात दिलास. फोड सुकले की भोवतीच्या कातडीला लावायचं, फोडांना नाही. आम्ही तीन वेळा आलो, गुरुवारी, सोमवारी, पुन्हा गुरुवारी. सुषमा त्या दिवसांत शांत झोपायला लागली. गोळ्यांनी, मी म्हणालो. "असेल," ती म्हणाली.

आता वाडग्याचं. तो आमच्या ओट्यावर धुऊन पालथा पडलेला असायचा आणि सुषमाची त्याच्यावरून सारखी घालमेल. शेजारच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. निदान चार दाणे साखरेचे तरी घालायचे. आणि तुझा नियम, काही परत द्यायचं नाही. ती वाडगा उचलायची, दारापर्यंत जायची, परत आणून ठेवायची. "रिकामा नेला तर आई वरून बघेल," म्हणायची, "आणि भरून नेला तर मावशी." मी हसत होतो. पण आतून मला राग येत होता. एका वाडग्याने माझ्या घरातल्या शिकलेल्या बाईला असं दारातून मागे फिरवावं, याचा राग.

एका दुपारी ती बाहेर गेली होती. मी डब्यातले बेसनाचे लाडू काढून वाडगा भरला आणि तुझ्या पायरीवर नेऊन ठेवला. तुला खाऊ द्यावा म्हणून नाही. बघू या आता काय होतं, म्हणून. मी इंजिनीअर, चाचणी घेतली. फक्त चाचणी ज्या अंगावर घेतली ते अंग माझं नव्हतं.

सुषमाच्या कमरेतली ती आग वसंतात परत आली. फोड नाहीत, नुसती वेदना, साडीचा काठ लागला तरी ती कळवळायची. नागिणीनंतर असं बऱ्याच जणांना होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. माझ्या लाडवांनी ते झालं असं मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. मग मला तिला सांगायला काय हरकत होती? हाच प्रश्न मी इतकी वर्षं बाजूला सारत आलो. कारण तिने स्वतःच एक कारण शोधून काढलं होतं. शेवटच्या गुरुवारी तुझ्या दारातून निघताना तिच्या तोंडून सवयीने 'थँक यू' निघून गेलं होतं. दुकानात, बसमध्ये, बँकेत म्हणून म्हणून जिभेला लागलेलं. "माझ्याच तोंडाने घालवलं हो मी," ती म्हणायची. मी तिच्या पाठीला उशी लावून द्यायचो आणि गप्प बसायचो. वाडगा मी रिकामाच नेऊन दिला असं तिला सांगितलं होतं, पण लाडू कमी झालेले तिच्या लक्षात आले होते. तिला वाटलं, साखरेचा पेशंट असून मी चोरून खाल्ले. महिनाभर तिने मला कारलं आणि दुधी घातला. ते मी मुकाट खाल्लं. तेवढ्या शिक्षेत भागतंय असं वाटलं.

ती तुझी क्षमा मागायला आली तेव्हा मी तिला धरून आणलं होतं. ती रडत म्हणाली, "मावशी, मी थँक यू म्हणाले." तुझ्या मागे, फडताळावर, तो वाडगा होता. लाडवांचा. तुला सगळं कळलं होतं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग तिला म्हणालीस, "मला त्या कानाने ऐकू येत नाही. मी न ऐकलेलं मोजत नाही." आणि तिला पुन्हा खिडकीपाशी बसवलंस. पुन्हा लोणी दिलंस, त्याच वाडग्यात. तेव्हापासून तो आमच्याकडेच आहे. सुषमाने तो परत द्यायचा विषय पुन्हा काढला नाही.

वेदना हळूहळू गेली. कशाने, हा वाद आपण पुढे कधीच घातला नाही.

या सप्टेंबरमध्ये तू दवाखान्यातून निरोप पाठवलास की एकट्याने ये. तुझा हात चादरीवर पिंपळाच्या वाळक्या पानासारखा पडला होता. तू इकडचं तिकडचं काही बोलली नाहीस.

"हा माझ्याकडून पुरुषाकडे जायला हवा. ब्रेंडनला नकोय. तू घे."

"मावशी, माझा विश्वास नाही."

"करणाऱ्याचा लागत नाही. विचारणाऱ्याचा असतो."

"मीच का? मी तर..."

"लाडू ठेवलेस," तू म्हणालीस. "ज्याला काहीच वाटत नाही तो कशाला ठेवेल?"

मी खाली पाहत विचारलं, "तू खाल्लेस?"

"खाल्ले तर घेतले असं होतं. कावळ्यांना घातले. वास फार छान येत होता." तुला धाप लागली. जरा थांबून म्हणालीस, "ती अजून स्वतःलाच बोल लावते, माहीत आहे ना तुला?"

"सांगतो तिला."

"सांग."

मग तू मला ते शब्द दिलेस. मी तुझ्या मागून म्हणत गेलो, लहानपणी वडिलांमागून पाढे म्हणायचो तसा. दोनदा चुकलो, तू दोनदा डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा म्हणालीस, "झालं. आता माझ्याकडे नाही." आणि तुझा चेहरा एवढा हलका झाला की मी नर्सला बोलवायला उठलो. तू म्हणालीस, बस. माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते मी गिळलं. तुझ्यासमोर ते म्हणायची सोय नव्हती. आजही नाही. हा लेख वाचून कुणाला वाटेल की एक शब्द राहून गेला. राहू दे.

सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. आज सांगू, पाहुणे गेल्यावर सांगू. तू गेलीस तोवर सांगितलं नव्हतं. आणि शनिवारी त्या हॉलमध्ये ब्रेंडनच्या वाक्याला मान डोलावली. ती डोलावताना मला जाणवलं की ही मान मी किती वर्षं अशीच डोलावतो आहे.

परत येताना गाडीत सांगितलं. लाडवांपासून दवाखान्यातल्या शब्दांपर्यंत, सगळं. सुषमा समोर रस्त्याकडे बघत होती.

"बेसनाचे?"

"हो."

"म्हणजे तुम्ही खाल्लेच नव्हते."

"नाही."

"आणि मी तुम्हाला महिनाभर कारलं घातलं."

"हो."

"आणि तुम्ही खाल्लंत."

"हो."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. मग म्हणाली, "मी रडत मावशीची माफी मागत होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तुझ्या शेजारी."

"हो," ती म्हणाली. "शेजारीच होतात."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. चहा करून समोर ठेवायची आणि निघून जायची. मी बोलायला गेलो की मिक्सर सुरू व्हायचा. चूक लाडवांची नव्हती हे तिलाही कळत होतं आणि मलाही. म्हणून तर काही बोलायला जागा नव्हती.

गुरुवारी सकाळी मी पहिला बर्फ काढत होतो. तुझ्या ड्राइव्हवेवर एक पिकअप येऊन थांबला. एक मध्यम वयाची बाई उतरली, तुझी बेल वाजवली, खिडकीतून आत डोकावली. गाडीत तिची आई बसली होती, कोट एका खांद्यावरून सोडलेला, कापड लागू नये म्हणून धरून ठेवलेला. तसं बसणं मी ओळखतो.

"नोरा आहे का?"

"गेली. मागच्या आठवड्यात."

ती तशीच उभी राहिली. गाडीकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "आता हे दुसऱ्या कुणाकडे आहे का, तुम्हाला माहीत आहे?"

आपण होऊन द्यायचा नाही, तू म्हणायचीस. पण तिने विचारलं होतं. मावशी, मी फावडं बर्फात उभं केलं आणि पहिला प्रश्न तुझाच विचारला. "डॉक्टरने पाहिलंय का?"

"पाहिलंय. गोळ्या चालू आहेत."

"मग या. पायरी निसरडी आहे, त्यांना धरा."

त्यांना आमच्या खिडकीपाशी बसवलं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कानटोपीकडे पाहिलं, भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं, आणि डोळे मिटून पाठ माझ्याकडे केली. मी अंगठा तुझ्यासारखाच फोडांच्या कडेने हवेत फिरवला. शब्द आले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न चुकता आले. काय झालं, काही झालं का, मला माहीत नाही. लोक विचारतात. विचारलं की करायचं. तुझ्या या वाक्याच्या पुढे माझ्याकडेही काही नाही.

लोणी हवं होतं. मी वळलो तर सुषमा मागेच उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या हातात तुझा वाडगा होता, सायीचं घरचं लोणी घातलेला. तिने तो माझ्यासमोर धरला. मी त्यावर म्हणायचं ते म्हणालो. सगळा वेळ तो तिनेच धरला होता.

मायलेकी निघाल्या. नियम त्यांना ठाऊक होता. लेकीने नुसती मान लववली. सुषमा त्यांच्यामागे दारापर्यंत गेली आणि वाडगा त्या लेकीच्या हातात दिला. मग आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, माझ्या सासूबाई वरून ऐकत असताना, तिला बजावलं.

"भांडं परत आणाल ना, तर रिकामं आणा. धुऊन, पुसून, अगदी रिकामं."